कर्करोगातील पूर्वानुमानदर्शक रक्तघटक

कर्करोगाच्या रुग्णाच्या जगण्याच्या कालावधीचा अंदाज बांधण्यास मदत करणारे रक्तातील घटक. गाठ कुठवर पसरली आहे हे स्कॅनमध्ये दिसते. तिच्याशी झुंजताना शरीराची काय अवस्था झाली आहे, हे पुष्कळदा साध्या रक्ततपासणीतून कळते.

मुख्य धागा दाहाचा, म्हणजे इजा किंवा रोगाविरुद्ध शरीराने दिलेल्या संरक्षक प्रतिक्रियेचा आहे. गाठ आणि तिच्याभोवतीच्या पेशी इंटरल्यूकिन-६ सारखी संदेशद्रव्ये सोडतात. त्यामुळे यकृत सीआरपी हे प्रथिन जास्त बनवते आणि अल्ब्युमिन कमी. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. या दोन प्रथिनांवरून गुण देणाऱ्या सुधारित ग्लासगो गुणांकनात सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर गेले की १ गुण मिळतो. त्याच्या जोडीला अल्ब्युमिन ३५ ग्रॅमखाली असेल तर २. गुण जितके जास्त, तितके पूर्वानुमान वाईट. अल्ब्युमिन उतरले की घरचे लोक खाण्यापिण्याचा आग्रह धरतात आणि स्वतःला दोष देतात; पण ते उतरण्यामागे उपासमारीपेक्षा दाहाचा वाटा बहुधा मोठा असतो.

मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतील पेशींच्या कर्करोगाची २००५ मधील आंतरराष्ट्रीय टप्पेवारी अल्ब्युमिन आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या रक्तातील दोनच प्रथिनांवर उभी होती. पहिल्या टप्प्यात मध्यक आयुष्य ६२ महिने, तिसऱ्यात २९. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले. शिवाय ते आकडे आजच्या अनेक औषधांपूर्वीचे आहेत, त्यामुळे आजच्या रुग्णाने त्यांवरून आपले दिवस मोजू नयेत. २०१५ मध्ये या टप्पेवारीत गुणसूत्रांतील बदलांबरोबर एलडीएच या पेशींमधील विकराचीही (एन्झाइमचीही) भर पडली. मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग), लिम्फोमा (लसिका संस्थेचा कर्करोग) आणि वृषणाच्या कर्करोगातही एलडीएच विचारात घेतात.

एकाच अहवालावर विसंबणे धोक्याचे. नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या तरी एलडीएच वाढलेले दिसते, संसर्गात सीआरपी चढते, स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिल वाढतात.

पूर्वानुमान कळले म्हणून उपाय कळतोच असे नाही. पसरलेल्या स्तनकर्करोगात ७.५ मिलिलिटर रक्तात ५ किंवा अधिक कर्कपेशी सापडल्यास आयुष्य कमी असते, हे २००४ मध्ये दिसून आले. पुढे केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतरही ही संख्या न उतरलेल्या स्त्रियांपैकी काहींचे औषध लगेच बदलून पाहण्यात आले. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: औषध बदललेल्या स्त्रिया न बदललेल्यांपेक्षा अधिक काळ जगल्या नाहीत.