गल्फलँडर आणि सव्हानालँडर : छायाचित्रात ओळखायच्या कशा?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या उत्तर भागात वाफेच्या इंजिनांचा काळ सरल्यानंतरही गल्फलँडर आणि सव्हानालँडर या दोन रेल मोटर गाड्या (म्हणजे डब्यातच इंजिन असलेल्या गाड्या) टिकून आहेत. हंगामात दोन्ही बुधवारी निघतात, दोन्हींचे रूळ 1067 मिमी अंतराचे आहेत आणि नावेही इतकी जवळची की छायाचित्राखाली एकीचे नाव दुसरीला सहज चिकटते.

गाडीकडे पाहून फरक कळतोच. गल्फलँडरची आरएम 93 ही 1950 सालची रंगवलेली मोटर आहे, तर सव्हानालँडरचे डबे 2000 वर्गातील नालीदार स्टेनलेस स्टीलचे असून त्या वर्गाच्या गाड्या पूर्वी ब्रिस्बेनच्या उपनगरी सेवेतही धावत. मात्र गाडी दूर असेल किंवा धुळीत झाकली असेल, तर माझ्या मते आधी रुळांखाली पाहावे. नॉर्मन्टन ते क्रॉयडन हा सुमारे 150 किमीचा गल्फलँडरचा मार्ग जॉर्ज फिलिप्स यांनी आखलेल्या पोलादी पोकळ स्लीपरांवर (रुळांखालच्या आडव्या आधारांवर) उभा आहे. हे स्लीपर खडीशिवाय थेट जमिनीवर टाकून मातीने भरलेले आहेत, कारण लाकूड वाळवी खाते आणि पुराच्या पाण्याने खडीचा भराव वाहून जातो. क्रॉयडनच्या सोन्यासाठी बांधलेला आणि 1891 साली पूर्ण झालेला हा मार्ग राज्याच्या उर्वरित रेल्वेजाळ्याला कधीच जोडला गेला नाही, त्यामुळे तिथल्या छायाचित्रात मुख्य मार्गावरची गाडी येणे शक्यच नाही.

सव्हानालँडर मात्र केर्न्सहून निघते, बॅरन दरीतील बोगदे आणि स्टोनी क्रीकचा वळणदार पूल ओलांडते आणि दुसऱ्या दिवशी फोरसाइथला पोहोचते. या मार्गावर 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत डिझेल इंजिनामागे मालवाघिणी आणि प्रवासी डबा जोडलेली मिश्र गाडी धावत असे. म्हणून 1980च्या दशकातील फोरसाइथच्या चित्रात चंदेरी मोटर दिसत नाही, याचे नवल वाटू नये.

प्रकाशाचे गणितही वेगळे आहे. स्टीलच्या चकाकीमुळे कॅमेरा उजेड जास्त समजतो आणि भोवतीचे रान काळवंडते, म्हणून सव्हानालँडरसाठी प्रकाश गवतावरून मोजावा आणि छपरावरची चमक थोडी जळाली (पांढरीफटक आली) तरी चालू द्यावी. नॉर्मन्टनला, आपल्या महाराष्ट्रातील हिवाळ्याच्या उलट, जून-जुलैत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो, त्यामुळे रुळांच्या उत्तरेला उभे राहणे सोयीचे ठरते. गाडी बुधवारी पूर्व-आग्नेयेकडे जाते, तेव्हा तिच्या तोंडावर उजेड सकाळच्या पहिल्या काही तासांतच मिळतो. गुरुवारी परतताना हाच क्रम उलटा होतो आणि माध्यान्हीकडे झुकताना तोंड उजळत जाते.