‘सांगली@१२३’ची पूर्वपीठिका

‘पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असावा. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह असावं.’ ही सूचना वाचली नाही असा माणूस आज सांगलीत सापडणं कठीण. मार्केट यार्डातला जीएसटी भरणारा हळदीचा व्यापारी, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी सेवा केंद्रात आलेली मुलगी, पतसंस्थेच्या काउंटरवरचा कारकून, सगळ्यांना ती पाळावी लागते. बहुतेक जण ती एकाच पद्धतीनं पाळतात. गावाचं, देवाचं नाहीतर पोराचं नाव घ्यायचं, पहिलं अक्षर कॅपिटल करायचं आणि शेवटी ‘@१२३’ लावायचं. लगेच हिरवी पट्टी येते, ‘पासवर्ड मजबूत आहे’. ही पट्टी माणसाला खोटा धीर देते, आणि हा खोटा धीर कुठून आला हे कळायला १९६०च्या दशकापर्यंत मागे जावं लागतं.

संगणकावरच्या पासवर्डची सुरुवात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत झाली. तिथे फर्नांडो कोर्बातो यांच्या गटानं १९६१ मध्ये सीटीएसएस नावाची यंत्रणा उभी केली. यंत्र एकच, पण ते अनेकांनी एकाच वेळी वापरायचं. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात आणि वाट्याला आलेला वेळ मोजता यावा म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आपला वेळ अपुरा पडू लागला. इतरांच्या वाट्याचा वेळ वापरता यावा म्हणून त्यानं छिद्रांच्या कार्डावर (तेव्हा यंत्राला आज्ञा अशा कार्डांवरून देत) विनंती टाकून पासवर्डची फाइलच छापून घेतली. पुढे १९६६ मध्ये एका तांत्रिक घोटाळ्यात स्वागत-संदेशाची फाइल आणि पासवर्डची फाइल यांची अदलाबदल झाली, आणि यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांचे पासवर्ड पडद्यावर दिसले.

या दोन्ही घटनांत कुणी कुणाचा पासवर्ड ओळखलेला नव्हता. पासवर्ड अवघड होता की सोपा, याचा तिथे संबंधच आला नाही. गळती झाली ती ठेवणाऱ्याकडून. गेल्या वीस वर्षांतल्या मोठ्या चोऱ्या पाहिल्या तर त्यांची जातही हीच आहे. तरीही दोष मात्र नेहमी सामान्य वापरणाऱ्याच्या माथी मारला जातो, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

एटीएमचा चार आकडी पिन याच दशकातला. २७ जून १९६७ रोजी लंडनमधल्या एनफिल्ड इथे बार्कलेज बँकेचं पैसे देणारं यंत्र सुरू झालं. त्यामागचे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांना सहा आकडे हवे होते. पत्नीनं ‘मला चारच लक्षात राहतात’ म्हटल्यावर चारवर ठरलं, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. चार आकड्यांच्या शक्यता अवघ्या दहा हजार. तरी पिन टिकला, कारण काही चुकीच्या प्रयत्नांनंतर कार्ड अडवलं जातं. पासवर्ड किती मजबूत हे समोरचा किती वेळा अंदाज करू शकतो यावर ठरतं. एक प्रकारचा चोर लॉगिनच्या पानावर अंदाज करतो, त्याला अडवता येतं. दुसरा आख्खी फाइल चोरून घरी नेतो आणि निवांत अंदाज करत बसतो. त्याला अडवणारं तिथे कुणी नसतं.

या दुसऱ्या चोरावरचा उपाय १९६०च्या दशकातच केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांना सुचला होता. पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचाच नाही, त्यावर एक गणिती प्रक्रिया करून निघालेलं रूप, म्हणजे हॅश, तेवढं ठेवायचं. हळकुंड दळून पूड होते, पुडीतून हळकुंड परत मिळत नाही, तसंच हे. माणूस पासवर्ड टाकतो, यंत्र तो पुन्हा दळतं आणि जुन्या पुडीशी ताडून पाहतं. युनिक्स या संगणक-प्रणालीवर काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी त्यात सॉल्टची भर घातली. दळण्याआधी प्रत्येक पासवर्डमध्ये ४,०९६ पैकी एक यादृच्छिक किंमत मिसळायची, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पूड सहसा वेगळी निघते आणि चोराला प्रत्येकासाठी वेगळी मेहनत पडते.

याच दोघांनी १९७९ मध्ये छापलेल्या लेखात खऱ्या वापरातले ३,२८९ पासवर्ड तपासले. १५ जणांनी एकच अक्षर ठेवलं होतं. ७२ जणांनी दोन, ४६४ जणांनी तीन. चार ते सहा अक्षरांचे साधे पासवर्ड आणि शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडणारे धरले तर एकूण २,८३१ पासवर्ड, म्हणजे ८६ टक्के, सहज ओळखता येण्याजोगे निघाले. हे सगळे संगणकावर काम करणारे लोक होते. नऊ वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, याच मॉरिस यांच्या मुलानं सोडलेला ‘वर्म’, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटभर पसरला. शिरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक होती पासवर्ड ओळखण्याची. आधी वापरणाऱ्याचं नाव, मग ते उलटं, मग सोबत आणलेली ४३२ शब्दांची यादी. एवढ्या तुटपुंज्या यादीवरही दारं उघडली.

मोठं अक्षर, आकडा, चिन्ह हा आजचा नियम जगभर रुजला तो बऱ्याच अंशी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेच्या मार्गदर्शिकेमुळे. तिचं पासवर्डवरचं परिशिष्ट २००३ च्या सुमारास बिल बर यांनी लिहिलं. पासवर्ड ठरावीक मुदतीनं बदलावा, ही सक्तीही त्याच आधारावर पसरली. तेव्हा त्यांच्याकडे खऱ्या पासवर्डची पुरेशी माहिती नव्हती, त्यामुळे हिशेब कागदी राहिला. कळफलकावरची ९५ चिन्हं आठ जागी कशीही बसवली तर सुमारे ६,६०० लाख कोटी शक्यता होतात, हे गणित बरोबरच आहे. पण माणूस चिन्हं ‘कशीही’ बसवत नाही. मोठं अक्षर पहिलं येतं, आकडे शेवटी येतात, चिन्ह म्हटलं की ‘@’. चोरांनाही हे ठाऊक असतं.

खरी माहिती हाती आली ती एका चोरीतून. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या कंपनीच्या वापरकर्त्यांचे ३ कोटी २० लाख पासवर्ड गळाले. ते न दळता, जसेच्या तसे ठेवलेले होते. सर्वांत जास्त वापरलेला होता ‘१२३४५६’, जवळपास २ लाख ९० हजार जणांचा. तेव्हापासून ती यादी पासवर्ड ओळखणाऱ्या प्रत्येक साधनाचं पहिलं पुस्तक होऊन बसली आहे. मुदतीनं बदलण्याच्या सक्तीचा फोलपणा २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवला. जुना पासवर्ड माहीत असेल तर १७ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड पाचपेक्षा कमी अंदाजांत सापडत होता. ‘जून@२०२५’चा ‘जुलै@२०२५’ होणार, हे ओळखायला फार डोकं लागत नाही.

२०१२ मध्ये पासवर्ड-तज्ज्ञ जेरेमी गॉस्नी यांनी एकाच वेळी भरपूर हिशेब करणारी २५ ग्राफिक्स कार्डं जोडून एक संच दाखवला. विंडोजच्या पद्धतीनं ठेवलेल्या पासवर्डवर तो सेकंदाला ३५,००० कोटी अंदाज करी. वर सांगितलेल्या ६,६०० लाख कोटी शक्यता साडेपाच तासांच्या आत संपतात. आता त्यासमोर आपले पासवर्ड ठेवून पाहू. मोबाइल नंबर हा आपल्याकडचा फार लाडका पासवर्ड. त्याच्या शक्यता ४०० कोटी, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. ‘एमएच १०’ पुढची दोन अक्षरं आणि चार आकडे, म्हणजे सांगलीतल्या कुठल्याही गाडीचा नंबर, सत्तर लाखांच्या आत. जन्मतारीख तर शंभर वर्षांची धरली तरी साडेछत्तीस हजार. ‘४१६४१६’ हा सांगलीचा पिनकोड, ‘कृष्णा’, ‘गणेश’ यांना तर मोजदादही लागत नाही. गळालेल्या याद्यांत भारतीय नावं भरपूर आहेत.

पण त्याच संचाचा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बीक्रिप्ट ही १९९९ मधली, मुद्दाम सावकाश दळणारी पद्धत वापरली असेल तर तोच संच सेकंदाला फक्त ७१,००० अंदाज करू शकत होता. नुसती आठ छोटी इंग्रजी अक्षरं वाटेल तशी निवडली, तर विंडोजच्या पद्धतीत सगळ्या शक्यता एका सेकंदाच्या आत संपतात आणि बीक्रिप्टमध्ये ३४ दिवस लागतात. पासवर्ड तोच, फरक ठेवणाऱ्याचा. आणि समोरच्या वेबसाइटनं तो कसा ठेवला आहे, हे पतसंस्थेच्या सभासदाला कळायला काहीही मार्ग नाही. लिंक्डइनसारख्या कंपनीनंही ते सॉल्टविना ठेवले होते. २०१२ मध्ये त्यातले ६५ लाख बाहेर आले आणि २०१६ मध्ये कळलं की आकडा ११ कोटी ७० लाखांचा होता.

म्हणून एकच पासवर्ड सगळीकडे वापरणं ही माझ्या मते सर्वांत धोक्याची सवय आहे, ‘@१२३’हूनही. कुठल्याशा खरेदीच्या साइटवरून गळालेली ईमेल-पासवर्डची जोडी चोर ईमेलवर लावून पाहतो. ईमेल हाती आला की ‘पासवर्ड विसरलात?’ वर टिचकी मारून बाकीचं सगळं मिळतं.

२०१७ मध्ये एनआयएसटीनं जुना सल्ला फिरवला. चिन्हा-आकड्यांची सक्ती नको, उगाच मुदतीनं बदलायला लावू नका, लांबी वाढू द्या, आणि नवा पासवर्ड गळालेल्या याद्यांत आहे का ते तपासा, असं आता सांगितलं जातं. आपला जुना सल्ला चुकला याची खंत बर यांनी त्याच वर्षी जाहीरपणे व्यक्त केली. आपल्याकडच्या कित्येक पोर्टलवर मात्र जुनीच सूचना झळकते आहे.

भारतात वेगळी वाट धरली गेली ती बँकांच्या बाबतीत. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन कार्ड-व्यवहाराला दुसरी खातरजमा सक्तीची केली. हा निर्णय दूरदृष्टीचा होता, कारण नुसता पासवर्ड चोरून पैसे काढणं त्यानं अवघड केलं. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरपासून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी लागू झालं. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मग त्या दुसऱ्या खातरजमेसाठी येणारा ओटीपी विचारायला चोर फोन करू लागले, आणि तिथे पासवर्ड कितीही लांब असून उपयोग नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावं. पैसे पुढे सरकण्याआधी अडवणं वेळेवरच अवलंबून असतं.

ई-आधारच्या फाइलचंही सांगायला हवं. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष, हे सर्वांना ठाऊक आहे. नाव माहीत असलेल्याला शंभरेक प्रयत्नांत ती उघडते. सेवा केंद्राच्या संगणकावर ती फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच राहू देऊ नये.

मग घरी करायचं काय? १९९५ मध्ये अरनॉल्ड राइनहोल्ड यांनी फाशांची पद्धत मांडली. ७,७७६ शब्दांच्या यादीतून पाच फासे टाकून एकेक शब्द निवडायचा. असे सहा शब्द झाले की गॉस्नींच्या त्या संचालाही सगळ्या शक्यता तपासायला वीस हजार वर्षं लागतील. शब्द फाशांनीच निवडायला हवेत. अभंगाची ओळ किंवा गाण्याचा मुखडा घेतला तर तो पुन्हा ओळखीचाच ठरतो. असे एक-दोन पाठ करावेत, एक ईमेलचा आणि एक पासवर्ड मॅनेजरचा. बाकीचे मॅनेजरच तयार करतो आणि लक्षात ठेवतो.

हे ज्यांना जमणार नाही, त्यांनी वहीत लिहून ठेवायला मी मुळीच हरकत घेणार नाही. हजारो मैलांवरच्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही. दुकानातल्या संगणकाला चिकटवलेली चिठ्ठी वेगळी. ती येणारं-जाणारं प्रत्येक जण वाचतं. सांगलीपुरती एक जास्तीची काळजी घ्यावी. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तिन्ही पुरांत कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं, तेव्हा वहीची एक प्रत वरच्या मजल्यावर किंवा पाहुण्यांकडे असावी.

२०२२ पासून ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी पासवर्डऐवजी वापरायच्या पासकीचा पुरस्कार चालवला आहे. त्यात गुप्त किल्ली वापरणाऱ्याकडेच, बहुधा त्याच्या फोनमध्ये, राहते, वेबसाइटकडे चोरण्यासारखं काही उरत नाही आणि बनावट पानावर ती चालतच नाही. एमआयटीतल्या त्या पहिल्या गळतीचं मूळच त्यानं कापलं जातं. पण यार्डातल्या दुकानात जीएसटीचं एकच लॉगिन मालक, त्यांचा मुलगा, दिवाणजी आणि गावातले कर-सल्लागार असे चौघे वापरतात. त्या चौघांत किल्ली कुणाच्या फोनमध्ये ठेवायची, याचं सोपं उत्तर अजून निघालेलं नाही. ते निघेपर्यंत त्या काउंटरवर पासवर्डच चालणार आहे.