एका मुलासाठी एकच आदेश: अमेरिकेतील आंतरराज्य पोटगीची पार्श्वभूमी

अमेरिकेत घटस्फोट, मुलांचा ताबा आणि पोटगी हे राज्यांचे विषय. वॉशिंग्टनकडे कुटुंबकायदा राज्यघटनेने सोपवलेलाच नाही. त्यामुळे पोटगी द्यायची ती व्यक्ती, बहुधा वडील, राज्याची हद्द ओलांडून गेली की आदेशाचा कागद आईकडे राही आणि वसुली थांबे.

यावर 1950 मध्ये ‘युरेसा’ हा नमुना कायदा आला आणि राज्याराज्यांनी तो स्वीकारला. आईने आपल्या राज्यात अर्ज करायचा, तो वडिलांच्या राज्यातल्या न्यायालयाकडे जायचा, प्रवास टळायचा. पण तिथले न्यायालय बऱ्याचदा स्वतःचा नवा आदेश काढी आणि जुना तसाच जिवंत राही. समजा, ओहायोचा आदेश महिना 400 डॉलरचा आणि टेक्सासचा 250 चा. वडील 250 भरत राहिले, तर टेक्सासच्या हिशेबात बाकी शून्य. ओहायोच्या हिशेबात वर्षाला 1,800 डॉलर थकलेले. तिसऱ्या राज्यात गेले की तिसरा हिशेब. नक्की देणे किती, यावरच वर्षे जात.

केंद्र यात उतरले ते कल्याण योजनांवरच्या खर्चामुळे. वडील पैसे देत नसतील तर मुलांचा भार सरकारी मदतीवर पडे. 4 जानेवारी 1975 रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी वसुली कार्यक्रमाच्या कायद्यावर सही केली, मात्र कौटुंबिक बाबींत केंद्राचा शिरकाव फार होतो, अशी नाराजीही नोंदवली. रचना आजही तीच आहे: यंत्रणा राज्याची, खर्चाचा मोठा वाटा केंद्राचा (सध्या 66 टक्के) आणि त्या पैशाला अटी. केंद्राची खरी ताकद याच अटींत आहे.

1986 च्या दुरुस्तीने प्रत्येक हप्ता देय तारखेलाच न्यायालयीन निवाड्याइतका पक्का झाला. मागच्या तारखेने माफी नाही. म्हणून नोकरी गेली तर त्याच आठवड्यात बदलाचा अर्ज करावा. सहा महिने थांबलेल्यांची सहा महिन्यांची थकबाकी न्यायालय मागे जाऊन कमी करू शकत नाही.

1992 च्या ‘युइफ्सा’ या नव्या नमुना कायद्याने दोन आदेशांचा घोळ मिटवला, आणि केंद्राच्या 1996 च्या कायद्याने 1 जानेवारी 1998 पर्यंत तो सर्व राज्यांना बंधनकारक केला, न स्वीकारल्यास निधी जाणार. मूल किंवा पालकांपैकी एक जण आदेश काढणाऱ्या मूळ राज्यात राहतो तोवर रक्कम बदलण्याचा अधिकार तिथल्याच न्यायालयाचा. सगळे निघून गेले, तर ज्याला बदल हवा त्याने साधारणपणे दुसऱ्या पक्षाच्या राज्यात जायचे. इथे चूक हमखास होते: लोक आपल्याच राज्यात आदेश नोंदवून रक्कम बदलायला सांगतात आणि अर्ज फेटाळला जातो. मुदतही मूळ राज्याचीच. न्यूयॉर्कचा आदेश मूल 21 वर्षांचे होईपर्यंत चालतो. 18 ची मर्यादा असलेल्या राज्यात गेल्याने तो आटत नाही. पगारकपातीचा आदेश मात्र परराज्यातल्या मालकाकडे थेट पाठवता येतो, तिथल्या न्यायालयात आधी नोंदणी लागत नाही.

अटींचा ताण 2015 मध्ये आयडाहोत उघड दिसला. ‘युइफ्सा’तली परदेशी आदेशांसंबंधीची सुधारणा, परका कायदा घरात येईल या भीतीने, विधिमंडळ समितीने 9 विरुद्ध 8 मतांनी अडवली. केंद्रीय निधी आणि वसुलीची यंत्रणाच धोक्यात आली. राज्यपालांनी मे महिन्यात विशेष अधिवेशन बोलावले आणि विधेयक मंजूर झाले. त्या भीतीची चर्चा व्हायला हवी होती. तिची किंमत मुलांच्या हप्त्यांनी मोजायची वेळ यायला नको होती.

ही सुधारणा परदेशातून पोटगी वसूल करण्याच्या 2007 च्या आंतरराष्ट्रीय हेग करारासाठी होती. अमेरिकेत तो 1 जानेवारी 2017 पासून लागू आहे. भारत त्यात नाही. शिवाय ज्यांचे निकाल भारतात थेट अमलात येतात अशा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खालच्या देशांत अमेरिका नसल्याने, पुण्या-मुंबईत परतलेल्या पालकाविरुद्ध अमेरिकेतल्या आदेशाची थेट अंमलबजावणी मागता येत नाही. त्या आधारे इथे नवा दावा लावावा लागतो आणि तो आदेश, परदेशी निकाल कधी मान्य होतो हे ठरवणाऱ्या कलम 13 च्या कसोटीवर टिकावा लागतो. 2,500 डॉलरवर थकबाकी गेली की पासपोर्ट अडवण्याचा उपायही अमेरिकी पासपोर्टापुरताच.