ऑफिसला न जाणं म्हणजे राजीनामा नव्हे

मार्च २०२० ला हिंजवडी-खराडीतून लॅपटॉप घेऊन लातूर, नांदेड, परभणीला आलेली कितीतरी पोरं अजून घरूनच काम करायलीत. आता ऑफिसला या असा मेल आला की मित्रमंडळी एकच सल्ला देतात, जाऊ नको, फार तर काढतील. हा सल्ला बंद करा राव, पोरांचं नुकसान व्हायलंय.

राजीनामा सगळ्यांना माहितंय. मेल, नोटीस पिरियड, हँडओव्हर, रिलीव्हिंग लेटर. झालं.

घोळ होतो तो राजीनामा न देता नुसतं ऑफिसला न जाण्यात. रोज लॉगिन करायचं, काम वेळेत द्यायचं आणि मॅनेजरला लिहायचं, "सर, पुण्याला येणं जमणार नाही." आपल्याला वाटतं कळवलं, संपलं. पण त्या ओळीत राजीनामा नाही, शेवटची तारीख नाही, म्हणजे नोटीस पिरियड सुरूच झाला नाही. तिकडं हजेरीला गैरहजेरी लागत राहते, मग कामावर रुजू व्हा म्हणून पत्र निघतं ते कायमच्या पत्त्यावर, म्हणजे गावाकडं, तिथं वडील सही करून घेतात अन् टीव्हीमागं ठेवून देतात. मुदत गेली की रेकॉर्डला अ‍ॅबस्कॉन्डिंग (न सांगता पळाला) असा शेरा, आणि पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन नेमकं तिथंच अडकतं.

म्हणून स्पष्ट लिहा: राजीनामा देतोय, नोटीस आजपासून धरावी, शेवटचा दिवस अमुक, नोटीसचा काळ घरून करू द्यावा ही विनंती. होकार मेलवरच घ्या, फोनवरचं "बघू" धरू नका. नाहीच म्हणाले तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणं गाठा, मित्राच्या रूमवर राहा, पण रिलीव्हिंग लेटर हातात घेऊनच परत या, माझं मत पक्कं आहे.

त्याआधी अपॉइंटमेंट लेटर काढून बघा. कामाचं ठिकाण पुणे असेल तर घरून काम ही सवलत होती, तिच्यावर भांडण टिकणं अवघड. रिमोट असंच लिहिलेलं असेल तर राजीनाम्याची घाई कशाला, आधी तो कागद एचआरपुढं ठेवा.

राजीनामा दिला काय अन् कंपनीनं काढलं काय, पीएफ तुमचाच. कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर (पीएफच्या वेबसाइटवर) स्वतः टाकता येते. ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) मात्र कायम नोकरीत सलग ५ वर्षं लागतात, त्याला दोन-तीन महिनेच कमी असतील तर रागात आज राजीनामा टाकू नका, तेवढे महिने पुण्यात काढा.