रूटचा पासवर्ड शोधू नका, बदला

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर लिनक्सचा संगणक बसवून देणारा मुलगा नोकरी सोडून गेला, की ऐन सौद्याच्या दिवसांत प्रश्न येतो: त्याने ठेवलेला पासवर्ड काढायचा कसा? तो निघत नाही. हळकुंड दळलं की पूड होते, पुडीचं पुन्हा हळकुंड होत नाही. ‘/ईटीसी/शॅडो’ या फाइलीत पासवर्ड नसतोच, त्याची अशी पूड, म्हणजे हॅश असतो. दळताना त्यात ‘सॉल्ट’ही, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळी अशी काही यादृच्छिक अक्षरं, मिसळतात, म्हणून दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे. युनिक्समधली ही युक्ती मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी १९७९ साली मांडली. तेव्हा जुना हॅश काढून नवा बसवायचा, एवढंच हातात आहे.

उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर ते असं होतं. (आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत टंकायच्या.) यंत्र सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा, पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘आरओ’चं ‘आरडब्ल्यू’ करा, ‘क्वाएट स्प्लॅश’ काढा, शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ लिहा आणि एफ१० दाबा. पासवर्ड न विचारता थेट रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, प्रॉम्प्ट (आज्ञा टंकायची ओळ) येतो. आता ‘पासडब्ल्यूडी’, पुढे खात्याचं नाव. नाव आठवत नसेल तर ‘एलएस /होम’. टंकताना पडद्यावर ताराही उमटत नाही, कीबोर्ड बिघडला असं समजू नका.

बहुतेक जण अडकतात ते ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’वर. ‘आरडब्ल्यू’ राहून गेलं, डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली, हे त्याचं नेहमीचं कारण. ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ द्या आणि पुन्हा करा. शेवटी ‘सिंक’, मग ‘रीबूट -एफ’. उबुंटूऐवजी फेडोरा किंवा रेड हॅट हे लिनक्स असेल तर रीबूटपूर्वी ‘टच /.ऑटोरीलेबल’ विसरू नका. नाहीतर सेलिनक्स ही तिथली सुरक्षा यंत्रणा नव्या शॅडो फाइलीला हात लावू देत नाही आणि बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

डिस्क लक्सने (लिनक्सच्या डिस्क कुलूपबंद करण्याच्या पद्धतीने) एन्क्रिप्ट केलेली असेल तर यातलं काहीच चालत नाही. तिथे सांकेतिक वाक्यच लागतं. आणि डिस्क तशी एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर हे पाच मिनिटांचं काम यंत्राजवळ बसणारा कोणीही करू शकतो. म्हणून सर्व्हरच्या खोलीला कुलूप हवंच.

यापुढे दोन माणसांना सुडोचा, म्हणजे रूटच्या आज्ञा चालवण्याचा, अधिकार द्या: ‘यूजरमॉड -एजी सुडो’ आणि नाव, यात ‘जी’ मोठा. छोटा ‘ए’ लिहायचा राहून गेला तर तो माणूस बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडतो.

गेलेल्या माणसाचं खातं मात्र लगेच पुसू नका. ‘यूजरमॉड -एल’ (मोठा एल) हॅशपुढे उद्गारचिन्ह लावून पासवर्ड बंद करतं, पण एसएसएचची (दुरून लॉगिन करायच्या सोयीची) किल्ली तरीही चालते. म्हणून सोबत ‘-ई १’ देऊन खात्याची मुदतही संपवा. पुसलं, तर त्याच्या होम फोल्डरबाहेरच्या फाइली नुसत्या त्याच्या खात्याच्या क्रमांकावर राहतात, समजा १००३. तो शेवटचा क्रमांक असेल, तर पुढच्या हंगामात रुजू होणाऱ्या मुलाला नेमका तोच मिळतो, आणि जुने सौदे त्याच्या नावावर उघडतात.