तळ्यावर तरंगणारा अँटेना

2018 च्या फेब्रुवारीअखेर बातमी आली, की विश्वातले पहिले तारे पेटल्याची खूण सापडली. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड पश्चिम भागातल्या ‘एजेस’ या टेबलाएवढ्या अँटेनाने आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींच्या तेजात 78 मेगाहर्ट्झपाशी अर्ध्या केल्विनचा खळगा नोंदवला होता (हे तेज तापमानाच्या एककात मोजतात). पहिल्या ताऱ्यांच्या उजेडामुळे भोवतालच्या हायड्रोजन वायूने लहरी शोषल्या, की असा खळगा पडतो. तो अपेक्षेच्या दुपटीहून खोल, म्हणून हा वायू अदृश्य कृष्णद्रव्याने थंड केला असेल, असे मथळे लगेच झळकले. मला मात्र तेव्हापासून त्या अँटेनाखालच्या जमिनीने पछाडलंय.

हायड्रोजनची मूळ लहर 1420 मेगाहर्ट्झची. विश्वाच्या प्रसरणात ती ताणली जाते. 78 वर पोचली म्हणजे अठरापट ताणली गेली, म्हणजेच महास्फोटानंतर सुमारे 18 कोटी वर्षांनी निघाली. पण याच कंप्रतेला (फ्रीक्वेन्सीला) आपली आकाशगंगा दीड-दोन हजार केल्विनने तळपते. त्यात अर्धा केल्विन शोधायचा! आशा एवढीच, की हे तेज कंप्रतेबरोबर सलग उतरत जातं; त्यात खाचखळगे नसतात.

खळगे अँटेना पाडू शकतो. लहर त्याच्यावर थेट पडते, तशीच जमिनीत मुरून खालच्या थरावरून परततेही. थर 2 मीटर खोल आहे आणि मातीत लहरीचा वेग निम्मा होतो असं धरा. परतलेली लहर 8 मीटर जास्त चालल्याइतकी उशिरा येते. काही कंप्रतांना ती थेट लहरीत भर घालते, काहींना तिला खोडते. 300 भागिले 8, म्हणजे दर 37.5 मेगाहर्ट्झला एक उंचवटा आणि मधला खळगा साधारण 19 मेगाहर्ट्झ रुंद. एजेसचा खळगाही 19 मेगाहर्ट्झच रुंद होता! एजेसखाली 30 मीटरची धातूची जाळी होती, त्यामुळे चूक इथेच झाली असं यातून सिद्ध होत नाही. पण जाळीलाही कडा असते, आणि कडेवरूनही लहरी परततात.

बेंगळुरूच्या रमण संशोधन संस्थेने ‘सारस 3’चा शंकूसारखा अँटेना 2020 मध्ये थेट पाण्यावर सोडला, कर्नाटकातल्या दंडिगानहळ्ळी तळ्यात आणि शरावतीच्या जलाशयात. पाण्यात मातीसारखे थर नसतात, ते सगळीकडे एकसारखं. 2022 मध्ये त्यांनी एजेसचा खळगा 95.3 टक्के खात्रीने नाकारला.

अंतराळातून ॐकार ऐकू आल्याचे संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. इथे सापडलेला आकडा तपासायला माणसं चार वर्षं झटली.

याच संस्थेचा ‘प्रत्युष’ हा पुढचा प्रस्ताव चंद्राभोवती फिरणाऱ्या अँटेनाचा आहे. तिथे खाली ना माती, ना तळं, आणि चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पृथ्वीवरच्या एफएम केंद्रांचा गोंगाटही पोचत नाही.