काळ्या वाळूची काच होत नाही

'ड्वार्फ फोर्ट्रेस' या बुटक्यांकडून किल्ले बांधून घ्यायच्या गेममध्ये इल्मेनाइट नावाचा काळा, जड दगड सापडतो. त्याची दारं, टेबलं, ठोकळे होतात. आणि वजन घनतेवरून काढलेलं असल्यामुळे तो वाहणारा बुटका रखडत चालतो. खऱ्या इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम हा विमानांत वापरला जाणारा धातू असतो, गेममध्ये मात्र तो त्यातून निघत नाही. ते योग्यच आहे. हा धातू सुटा करायची क्रोल पद्धत 1940 च्या सुमाराची, तिला क्लोरीन आणि मॅग्नेशियम लागतं. मध्ययुगीन बुटक्यांना ते कुठून मिळणार?

गेम फसतो तो वाळूत. तिथे काळी वाळू भट्टीत घातली तरी पांढरीसारखीच हिरवी काच मिळते! रत्नागिरीत मांडवीला किंवा भाट्याला जाऊन मूठभर काळी वाळू उचला, हाताला वजन लागतं. सह्याद्रीच्या बेसाल्टमधून सुटलेले इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे दाणे तिच्यात असतात. ही लोह-टायटॅनियमची ऑक्साइडं. काचेला लागणारी सिलिका त्यांत नसतेच.

पण किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे जमतात कसे? क्वार्ट्झ म्हणजे साध्या वाळूतली सिलिका. पाण्याची घनता 1 धरली तर क्वार्ट्झची सुमारे 2.65, इल्मेनाइटची 4.7, म्हणजे पावणेदोन पट. पाण्यात बुडाल्यावर दोघांच्याही घनतेतून पाण्याचा 1 वजा होतो, उरतात 1.65 आणि 3.7. फरक सव्वादोन पट झाला! म्हणून 0.2 मिलिमीटरचा क्वार्ट्झचा दाणा ज्या वेगाने तळाशी जातो, त्याच वेगाने जेमतेम 0.13 मिलिमीटरचा इल्मेनाइटचा दाणा जातो. दोघे शेजारी बसतात, पण मोठा हलका दाणा वर डोकावतो आणि बारका जड दाणा फटींत दडतो. परतणारी लाट डोकावणाऱ्याला ओढून नेते, दडलेला जागीच राहतो. पावसाळ्यातल्या दांडग्या लाटा हेच काम सपाट्याने करतात.

लोहचुंबक फिरवला तर पटकन चिकटतं ते मॅग्नेटाइट; इल्मेनाइट साध्या चुंबकाला फारसं दाद देत नाही. कॉर्नवॉलमधल्या विल्यम ग्रेगर या पाद्र्याला 1791 मध्ये टायटॅनियमचा पत्ता लागला, तो अशाच काळ्या वाळूत.

'कोकणच्या वाळूत विमानं दडली आहेत' छापाचे फॉरवर्ड वाचून हुरळून जाऊ नका. जगातल्या टायटॅनियम खनिजाचा अगदी थोडा भाग धातू बनतो. बाकी बहुतेक सगळं जातं टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्याशुभ्र रंगद्रव्यात: भिंतीच्या रंगात, प्लास्टिकात, कागदात, टूथपेस्टमध्ये.